कमजोर बाजू आधी

मारुती, तुझ्या तेराव्याचं जेवून आलो, तरी माझा तुझ्यावरचा संशय काही गेलेला नाही.

मेलेल्या माणसाला असं कुणी लिहीत नसतं, हे मलाही कळतं. तुझ्या फोटोसमोर उभं राहून लोक काय काय बोलले! कुणी म्हणालं देवमाणूस, कुणी म्हणालं असा माणूस पुन्हा होणे नाही. मी मागच्या खुर्चीवर बसून बुंदी चिवडत होतो. मनात म्हणत होतो, यांना काय माहीत? यातला कुणी तुला दहा वर्षं ओळखतो, कुणी पाच. मी तुला तू आठ वर्षांचा असल्यापासून ओळखतो, आणि त्या सगळ्या गर्दीत तुझ्याबद्दल ठामपणे काही सांगता येत नव्हतं ते फक्त मला.

सुरेखानं तुझा फोटो तुझ्याच जिममध्ये मोठ्या आरशाच्या वर लावलाय. तुझी लेकच ती, खिळा भिंतीत तिनंच ठोकला, कुणाला हात लावू दिला नाही. फोटोत तू हात मागं बांधून सरळ उभा आहेस. बघणाऱ्याला वाटतं, दोन पायांवर उभा आहे. मला मात्र खांद्यावरून कळतं की सगळं वजन डाव्या पायावर आहे आणि उजवा नुसता टेकवलाय. फोटो काढणाऱ्यालाही तू फसवलंस.

माझा स्वभाव तुला ठाऊक होता. उभी हयात लाल गाडीत चढून लोकांची तिकिटं तपासण्यात गेली. कन्नडच्या रस्त्याला एखाद्या फाट्यावर गाडी थांबवायची, आत शिरायचं आणि चेहऱ्यांवरून नजर फिरवायची. ज्याच्याकडं तिकीट नाही तो कधी घाबरत नाही, तो शांतपणे खिडकीबाहेर पिकं बघतो. फार शांत माणूस दिसला की माझा हात आपोआप पुढं व्हायचा. आमची मंडळी म्हणायची, तुमच्यापुढं देव उभा राहिला तरी आधी तिकीट मागाल. आणि मारुती, तुझ्याइतका शांत माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पण ही खोड नोकरीनं लावली नाही. ती लागली पिशोरच्या आमच्या वावरात. भुईमूग निघाला की तुझा बाप कळप घेऊन यायचा आणि आठ-दहा दिवस आमच्या रानात मेंढरं बसायची. लेंड्यांनी जमीन सुधारायची, बदल्यात तुमच्या बिऱ्हाडाला ज्वारी मिळायची. शेजारच्या पट्टीत तूर उभी असायची. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जगातली प्रत्येक गोष्ट निजाम गेला त्या पोलीस ॲक्शनच्या आधीची किंवा नंतरची अशीच आठवायची. ते मला म्हणाले, "भान्या, त्या मेंढरंवाल्याच्या पोरावर ध्यान ठेव. ॲक्शनच्या आधी असंच एकानं आपली उभी तूर चारून टाकली व्हती."

म्हणून मी बांधावर बसून दिवसभर तुझ्यावर ध्यान ठेवलं. तू काय करत होतास? काही नाही. काठी काखेत रोवून, उजव्या पायाचा तळवा डाव्या गुडघ्यावर टेकवून, एका पायावर उभा होतास. ऊन डोक्यावर आलं, कललं, तू तसाच. मी गुपचूप निंबामागं जाऊन करून बघितलं, तर दहा मोजायच्या आत आडवा झालो. मग मला वाटलं, हे सोंग आहे. मी नजर वळवली की हा पाय बदलत असणार. मी सरळ तुझ्याकडं आलो.

"तू पाय बदलतो का नाय?"

"बदलतो की."

"मग मला कसं दिसना?"

"तू तुरीकडं बघतो तवा बदलतो," तू म्हणालास, आणि पुन्हा मेंढरांकडं बघायला लागलास.

आता सांग, हे उत्तर ऐकून माणसानं विश्वास ठेवायचा की संशय घ्यायचा? मी तेव्हापासून दुसरं केलं. तुरीचं एक पान मेंढराच्या तोंडी लागलं नाही, ही गोष्ट मात्र मी दादांना सांगितली नाही.

पुढं मी शिकायला औरंगाबादला मामाकडं आलो आणि तू मोंढ्यात पोती उचलायला. करीम वस्तादांच्या तालमीत आपण पुन्हा भेटलो, जुन्या शहरातल्या एका दरवाज्याच्या आत, खालच्या अंगाला लाल माती आणि वर पत्रा. वस्ताद दातण चावत कोपऱ्यात बसायचे आणि कुणाकडं बघत नाहीत असं दाखवत सगळ्यांकडं बघायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी तुला एका पायावर बैठक मारताना पाहिलं. पोरं दोन-तीन बैठकांत भिंत धरत होती, तू पाण्यातून वर यावं तसा उठत होतास.

"ये किसने सिखाया रे?" वस्तादांनी विचारलं.

"मेंढरांनी," तू म्हणालास. ते दातण पडेपर्यंत हसले.

वस्तादांनी आपली जोडी लावली. एकानं करायचं, दुसऱ्यानं मोठ्यानं मोजायचं. त्यांचं ते बोलणं मला आजही शब्दाला शब्द आठवतं, कारण माझ्यासारख्या माणसासाठी ते जणू शास्त्रच होतं. "हर आदमी की एक बाजू झूटी रहती. दोनों पाँव पे बैठक मारे तो सच्ची बाजू झूटी का बोझा उठा लेती, मालूमच नहीं पडता. एक पाँव पे लाओ, सब खुल जाता." आणि मग नियम. "कमजोर पाँव पहले. वो जहाँ रुका, दुसरे कू भी वहींच रुकना. ज्यादा नक्को." बळकट पायानं जास्त केलं तर तो आणखी बळकट होणार, आणि कमजोर कायमचा मागं पडणार. म्हणून कमजोर पाय आकडा ठरवतो.

माझा डावा पाय कमजोर निघाला. नऊ बैठका झाल्या की मांडी थरथरायची. मग उजव्यानंही नऊ. इथपर्यंत ठीक. पण माझं झालं की तू उभा राहायचास, आणि तूही नऊच करायचास. ज्या दिवशी मी सातला बसलो त्या दिवशी तू सातला. ज्या दिवशी ईर्षेनं अकरा केल्या त्या दिवशी अकरा. तुला पंचवीस सहज जमल्या असत्या. वस्तादांचा नियम एका माणसाच्या दोन पायांसाठी होता, दोन माणसांसाठी नव्हता. मी म्हटलं, पाणी कुठंतरी मुरतंय. हा आपली ताकद झाकून ठेवतोय, ऐन वेळी दाखवणार.

ती ऐन वेळ पिशोरच्या जत्रेची होती. शेवटची कुस्ती गावच्या पैलवानानं धरायची, बाहेरच्या नामांकित गड्याशी. त्या वर्षी पंचांनी माझं नाव दिलं. पाटलाचा पोरगा, शहरात तालीम करतो, आणखी काय पाहिजे? तुझं नाव कुणी घेतलं नाही. तू माझ्यापेक्षा चांगला होतास हे मला माहीत होतं, वस्तादांना माहीत होतं, आणि तुलाही माहीत असणारच.

जत्रेला चार दिवस राहिले होते. वस्ताद म्हणाले, आज हल्का खेलो. आपण मातीत उतरलो. तू माझ्या डाव्या पायाला एकेरी पट घातलास, म्हणजे तो एकच पाय मांडीला धरून उचललास. तिथं सोडायचं होतं. तू सोडला नाहीस, आणखी ओढलास आणि वळवलास. गुडघ्यात ओली काडी मोडावी तसा आवाज झाला. मी मातीत पडून वर बघितलं तर तू तसाच उभा, माझा पाय दोन्ही हातांत धरून, तोंडावर काही नाही. शांत.

का, मारुती? हलकं खेळायचं असताना का? तोच पाय का, जो कमजोर आहे हे जगात फक्त तुला आणि वस्तादांना माहीत होतं?

मी खाटेवर पडलो. पंच तुझ्याकडं आले, आता तू धर म्हणाले. तू नाही म्हणालास. जत्रेत अख्खं गाव मैदानाभोवती बसलेलं आणि तू दूर बांधावर काठीला टेकून एका पायावर उभा, असं मला लोकांनी येऊन सांगितलं. दुसऱ्या गावचा कुणी पैलवान त्या कुस्तीला उभा राहिला आणि पडला. आपल्या गावची मान खाली गेली. "मारत्या भ्याला," पारावर चार महिने हेच. तुझ्या बापालाही ऐकवलं. तू भ्यालास असं मला मात्र वाटलंच नाही. मी म्हटलं, खाई त्याला खवखवे. निर्मळ असता तर लढला असता. मनात पाप आहे म्हणून मैदानात पाय टाकवत नाही. सुतावरून स्वर्ग गाठणं हा माझा धंदाच झाला पुढं, पण त्याची सुरुवात या खाटेवर झाली.

गुडघा भरून यायला वर्ष गेलं. मांडी काठीसारखी झाली. मी तालीम सोडली, नोकरीला लागलो, लग्न झालं. तुझ्या लग्नाला आलो, जेवलो, तुझ्याशी दोन शब्द बोललो. माझ्या लग्नात तू पंगत वाढलीस. अशी तीस वर्षं गेली, गोडीनं आणि लांबून. तू क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर जिम काढलीस हे मी ऐकलं होतं. दुसऱ्या मजल्यावर का? माझ्यासारख्याला चढता येऊ नये म्हणून, असंही एकदा वाटून गेलं. हसू नकोस.

मी निवृत्त झालो त्याच्या आठवड्यातच तू दारात. हातात वाळूनं भरलेली लोखंडी बादली.

"ही एका हातात धर आन् त्या टोकापस्तोर चाल."

"कशापायी?"

"चाल तर. वाकडा झालास की खोटा."

मी चाललो. गल्लीतल्या बाया गॅलरीत येऊन बघायला लागल्या. डाव्या हातात बादली घेतली की मी भिजल्या भिंतीसारखा कलत होतो. तू मागून चालत होतास. त्या टोकाला बादली ठेवून मी तुझ्याकडं बघितलं तर तू माझ्या गुडघ्याकडं बघत होतास. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं की ऊन, हे मी तपासलं नाही. तपासायला हवं होतं.

तेव्हापासून सहा वर्षं, रोज सकाळी, तुझे ते दोन जिने. मागचा पाय बाकावर ठेवून पुढच्या एका पायावर खाली बसायचं, त्याला तू बांधावरची बैठक म्हणायचास. पोरं मोबाईलमध्ये बघून त्याला बल्गेरियन का कायसं म्हणायची. तू म्हणायचास, आमची मेंढरं बल्गेरियाला गेली नव्हती. एका पायावर वाकून जमिनीवरचं डंबेल उचलायचं, ते तू कोकरू उचलल्यासारखं दाखवायचास, पाठ सरळ, दुसरा पाय मागं हवेत. एका हातानं वजन डोक्यावर. पायरीवर एका पायानं चढ-उतार. सगळं एका बाजूचं. दोन्ही हातांनी, दोन्ही पायांनी एकदम असं तू मला काही करूच दिलं नाहीस. पोरं शंभर-शंभर किलोचा बार खांद्यावर घ्यायची आणि मी कोपऱ्यात बगळ्यासारखा.

आणि पुन्हा तेच. मी आधी. मी बारा केल्या की तू बारा. मी नऊ, तू नऊ. साठीतला तू, पोरांना अजून भारी पडायचास, आणि माझ्यासमोर माझ्याइतकाच. मी म्हटलं, हा अजून प्रायश्चित्त घेतोय. म्हणजे अपराध केलेला आहे.

दुसऱ्या महिन्यात मी तुला आणखी एका गोष्टीत पकडलं. तू मोजत होतास. सहा, सात, आठ, आठ, नऊ.

"मारुती, आठ दोनदा झाले."

"कुठं? एकदाच म्हणलो."

"दोनदा म्हणलास. मी काय बहिरा हाय?"

"कान तपासून घे."

मग मी बोटांवर मोजायला लागलो. डाव्या पायाला तू बारा म्हणायचास तेव्हा खऱ्या तेरा झालेल्या असायच्या. उजव्याला बारा म्हणजे बाराच. रोज. कधी आठ दोनदा, कधी पाच दोनदा, जागा बदलून, म्हणजे सापडू नये म्हणून. वस्तादांचा नियम पाळल्यासारखा दाखवायचा आणि गुपचूप कमजोर पायाकडून एक जास्तीची काढून घ्यायची! मी तुला चारचौघांत लबाड म्हणालो. तू टॉवेलनं मान पुसत म्हणालास, "घावला तर दंड लाव की." मी रागानं दोन दिवस आलो नाही. तिसऱ्या दिवशी जिना चढताना लक्षात आलं की मी कठडा धरलेला नाही. हे तुला सांगितलं नाही. तू बघितलं असशीलच.

एकदा मात्र सगळं बोलून होणार होतं. आपण वेरूळला गेलो होतो, सोमवार होता, घृष्णेश्वराचं दर्शन घेऊन लेण्यांकडं वळलो. तिथल्या उंच पायऱ्या मी डाव्या पायानं आधी चढाव्यात म्हणून तू माझ्या मागं उभा. वर जाऊन दम खात बसलो. समोर डोंगरउतारावर कुणाची तरी मेंढरं होती. तू बराच वेळ तिकडं बघत होतास. मग माझ्याकडं न बघता म्हणालास, "भान्या, तुला काय इचारायचंय ते इचारून टाक एकदाचं."

माझ्या तोंडात आलं होतं सगळं. मुद्दाम केलंस का? तीनच शब्द. अनोळखी माणसाला भर गाडीत उभं करून प्रश्न विचारणारा मी, आणि मला ते विचारता येईनात. कारण तू हो म्हणाला असतास तर काय केलं असतं? आणि नाही म्हणाला असतास तर मी विश्वास ठेवला असता का?

"खाली चहा चांगला मिळंल का रे?" मी म्हणालो.

तू गुडघ्यांवर हात टेकून उठलास. "मिळंल की," म्हणालास, आणि आपण उतरलो.

आता तो शेवटचा दिवस. हा मी मनात इतक्या वेळा फिरवलाय की आता मलाच त्याची भीती वाटते. नेहमीसारखा मी बाकापाशी जाऊन डावा पाय पुढं घेतला. तू म्हणालास, "आज मी आधी करतो."

मारुती, त्या सहा वर्षांत आणि त्याआधीच्या तालमीतल्या तीन वर्षांत तू एकदाही आधी केलं नव्हतंस. एकदाही नाही. तिकीट हातात दाखवावं तसं तू मला दाखवलंस. आणि मला, जो माणसाच्या पापणीवरून ओळखतो, मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, याचा काही डाव आहे.

तू सात केल्या. सातव्याला उठताना बाकाला हात लावलास. मग खुर्चीवर बसून म्हणालास, "बास." मी म्हटलं, "दमलास का रे?" त्यात चौकशी नव्हती, खिजवणं होतं. तू हसलास. मग मी उभा राहिलो, आणि माझ्या मनात आलं की आज याच्या पुढं जायचं. पन्नास वर्षांत आज. तू बसल्या जागेवरून मोजत होतास, आवाज बारीक पण स्पष्ट. सात झाल्या. नियमाप्रमाणं मी तिथं थांबायचं होतं. मी थांबलो नाही. आठ, नऊ, दहा, अकरा, बारा. पाय थरथरला नाही. मी बोटांवरही मोजत होतो, आणि त्या दिवशी तू एकही आकडा दोनदा म्हणाला नाहीस. ते जाणवलं तेव्हाही मला संशयच आला की आज हा इतका सरळ कसा. मी तुझ्याकडं जिंकल्यासारखं बघितलं. तू टॉवेल माझ्या अंगावर फेकलास.

चौथ्या दिवशी सकाळी सुरेखाचा फोन आला. हृदय. डॉक्टरांनी महिनाभर आधीच सांगितलं होतं आणि तू घरात बजावलं होतंस, भान्याला कळू द्यायचं नाही.

मला तुझा राग येतो. हे मी रडून झाल्यावर लिहितोय, तरी राग येतो. सात म्हणजे काय हे मला सांगायला तुला काय झालं होतं? आणि मला स्वतःचा त्याहून जास्त येतो. आयुष्यभर मी ज्यांच्यापाशी तिकीट नाही त्यांच्यामागं लागलो, आणि ज्यानं तिकीट पुढं धरलं त्याच्याकडं बघितलं नाही.

तू गेल्यावर पाचव्या दिवशी तुझ्या घरी रखमावहिनींकडं गेलो होतो. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून पदर सावरला आणि आपणहून म्हणाल्या, "भावजी, त्या दिशी लई खुशीत घरी आले व्हते. म्हणले, भान्याचा पाय बरा झाला. आज माझ्या म्होरं गेला, आन् थरथरला बी नाय. म्हणले, चला, ते एक काम झालं."

मी मान डोलावली. पण मनात काय आलं? बाई माझी समजूत घालतेय. दुःखाच्या घरात माणसं अशी गोड बोलतात. मला लाज वाटली, तरी तेच आलं.

मग मी ते विचारलं, जे तुला विचारायला हवं होतं. "वहिनी, माझ्या गुडघ्याचं तो कधी काय बोलला का? तालमीतलं?"

"बोलायचे की. वर्षातनं एकदा तरी. वस्ताद हलकं खेळा म्हणले व्हते आन् मी जोर लावला, एवढंच म्हणायचे. मंग गप."

"जोर का लावला?"

त्यांनी माझ्याकडं सरळ बघितलं. "ते मी कधी इचारलं नाय. ते तुम्ही इचारायचं व्हतं, भावजी."

घरी येताना पायीच आलो. आमच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पाय ठेवला आणि एकदम आठवलं. त्या दिवशी तू एकही आकडा दोनदा म्हणाला नव्हतास. सहा वर्षं रोज एक जास्तीची चोरणारा माणूस त्या दिवशी सरळ बारा मोजून थांबला. म्हणजे तुझ्या लेखी डाव्या पायाला आता जास्तीची गरज उरली नव्हती. वहिनी खरं बोलत होत्या. मला लागतो तसा पुरावा मिळाला, आणि मी जिन्यातच बसलो. शेजारच्यांना वाटलं चक्कर आली.

तिथं बसून बाकीचंही हळूहळू उमगलं. जत्रेत तू का उतरला नाहीस ते. मी खाटेवर पडलो म्हणजे मी शून्यावर थांबलो होतो, म्हणून तूही शून्यावर. गावानं भित्रा म्हटलं, बापाला बोलणी बसली, तरी तू जागचा हलला नाहीस. आणि मी त्यालाच पापाची खूण समजत आलो. असेलही त्यात थोडं पाप. जोर लावलास, हे तर तूच कबूल केलंस. तुझं नाव पंचांनी घेतलं नाही म्हणून लावलास, की माझं घेतलं म्हणून, की मातीत उतरल्यावर अंगात येतं तसं क्षणभर आलं, ते आता कुणी सांगणार नाही. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी एकालाही सोडलं नाही. म्हाताऱ्यांना नाही, लेकुरवाळ्यांना नाही, एकदा तर सख्ख्या मेहुण्याला नाही. हा एक मात्र मी सोडतोय. संशय गेलाय म्हणून नाही. तो माझ्याबरोबरच जाईल. पण तुला खाली उतरवून विचारपूस करायची नाही, एवढं ठरवलंय.

आज पंधरा दिवसांनी जिममध्ये गेलो. सुरेखा होती, पोरांना काहीतरी दाखवत होती. मला बघून पोरांना सोडून आली. तिनं बाक ओढून दिला आणि तू जिथं उभा राहायचास तिथं उभी राहिली. मी डावा पाय पुढं घेतला. इतक्या दिवसांचा खाडा पडलेला, तिसऱ्यालाच मांडी थरथरली. तिनं ते बघितलं. तुझीच नजर तिची, काही सुटत नाही. ती मोठ्यानं मोजत होती.

"चार. पाच. सहा." मग डोळ्याचं पातं न हलवता, "सहा. सात."

मी पाय खाली टेकवला.

"काका, बारा असत्यात ना तुमच्या?"

"नाय. आज सातच. तुझ्या बापानं सात केल्या व्हत्या."

तिनं वर फोटोकडं बघितलं आणि मान हलवली. सहा दोनदा झाले, हे माझ्या ओठांवर आलं होतं. तिचा चेहरा अगदी शांत होता. मी उजवा पाय पुढं घेतला आणि तिला म्हटलं, मोज.